पिंजरा कुणासाठी राखायचा?

"तुमचा आवडता प्राणी कोणता?" प्राणिसंग्रहालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच. विचारणारं एखादं मूल असतं, नाहीतर त्याला कडेवर घेतलेला बाप. उत्तर त्यांच्या मनात आधीच ठरलेलं असतं: वाघ, सिंह, हत्ती, फार तर जिराफ. मी "गिधाड" म्हणते तेव्हा चेहरे उतरतात. एका मुलीने मला धीर द्यावा तसं विचारलं होतं, "पण तुम्हाला वाघाजवळही जाऊ देतात ना?"

जाऊ देतात. वाघाची देखभाल मी केली आहे आणि मनापासून केली आहे. तरी सकाळी कुलूप काढताना माझे पाय आधी वळतात ते गिधाडांच्या जाळीकडे. या पक्ष्यात नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून आम्ही पायातल्या कड्याच्या रंगावरून ओळखतो. वर्षाला अंडं एकच. दीड महिन्याहून अधिक काळ दोघं आळीपाळीने ते उबवतात. पाळी बदलताना बसलेला पक्षी उठतो, एकेक पाऊल जपून उचलत मागे सरतो. दुसरा येतो, चोचीने अंडं जरासं फिरवतो, छातीची पिसं फुलवतो आणि इतक्या सावकाश खाली बसतो की पाहणाऱ्याचाही श्वास अडकावा. जनावराचं कातडं फाडणारी चोच ती हीच. हे एकदा पाहिलं की गिधाडाला कुरूप म्हणायला जीभ धजत नाही.

हा आवडीनिवडीचा प्रश्न मुलांच्या कुतूहलापुरता असता तर मी त्यावर लेख लिहिला नसता. पण जगभरातली प्राणिसंग्रहालयं नेमकी याच प्रश्नावर चालतात. कुणाला किती जागा, कुणावर किती खर्च, नवा कोण आणायचा, कुणाची वीण करायची, हे बहुतेक वेळा पाहणाऱ्यांच्या आवडीवरून ठरतं. माझं म्हणणं असं की हे बदललं पाहिजे. आपल्या हातातली जागा थोडी आहे, आणि ती ज्याला बंदिवासाची खरोखर गरज आहे त्याच्यासाठी राखली पाहिजे. म्हणजे ज्याला जंगलात काही काळ जगताच येणार नाही, आणि ज्याला आपण पुन्हा तिकडे पोचवू शकतो, अशा प्राण्यासाठी. बाकीच्यांना आपण केवळ बघायला म्हणून कोंडतो आहोत, हे निदान स्वतःशी तरी कबूल करायला हवं.

जमिनीवर राहणाऱ्या, कणा असलेल्या ज्या प्राण्यांच्या जाती धोक्यात आहेत, त्यांतली सातातली साधारण एक जात प्राणिसंग्रहालयांत आहे, असं २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात म्हटलं होतं. हा आकडा मला आशादायक वाटतो. पण तो फोडून पाहिला की सस्तन प्राण्यांचा वाटा मोठा निघतो, आणि बेडूक, सॅलॅमँडर अशा उभयचरांचा अगदीच नगण्य. धोका मात्र उभयचरांना सर्वांत जास्त आहे, त्यांच्या सुमारे ४१ टक्के जाती संकटात आहेत. त्यांना लागणारी जागा म्हणजे काही काचेच्या पेट्या आणि तापमान-आर्द्रता सांभाळणारी एक खोली. हत्तीच्या एका आवाराच्या बांधकामात अशा किती खोल्या उभ्या राहतील, याचा हिशेब कुणीही करून पाहावा.

प्राणिसंग्रहालयं बंदच करा, असं म्हणणाऱ्यांशी माझं अर्धं भांडण आहे आणि अर्धं एकमत. एकमत कुठे, ते आधी सांगते. येरझारा घालणारा प्राणी मी वर्षानुवर्षं पाहिला आहे. भिंतीपासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून भिंतीपर्यंत, वळताना मान त्याच जागी तशीच झटकायची. जमिनीवर त्याच्या पावलांची वाट उमटलेली असते. पाहणाऱ्यांना वाटतं, किती रुबाबात चालतोय. आम्हाला माहीत असतं की हे चालणं नव्हे, मनाला लागलेली वाळवी आहे. त्याच्यावर आम्ही उपाय करतो. खाणं एका जागी न देता लपवून ठेवायचं, ओंडक्यांची मांडणी बदलायची, नवे वास आणायचे. काहींची येरझार थांबते, काहींची कमी होते, आणि काहींची मरेपर्यंत जात नाही.

२००३ मध्ये रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की जो मांसाहारी प्राणी निसर्गात जितका दूरवर हिंडतो, तितका तो बंदिवासात जास्त येरझारा घालतो आणि त्याची पिल्लंही जास्त दगावतात. ध्रुवीय अस्वलाचं नेहमीचं आवार हे त्याच्या निसर्गातल्या लहानात लहान वावरक्षेत्राच्या दहा लाखांतला एक भाग भरतं, असं त्यांनी मांडलं होतं. आवार दुप्पट करा, दहापट करा, या गणितात काय फरक पडणार? म्हणून मी स्पष्ट म्हणते, ध्रुवीय अस्वलासारखे लांब पल्ल्याचे प्राणी नव्याने आणणं थांबवावं. जे आज आहेत त्यांना म्हातारपणापर्यंत चांगलं सांभाळावं, ती आपली जबाबदारीच आहे. पण जागा भरायची म्हणून नवी जोडी आणू नये.

आता भांडण. अरबी ओरिक्स हे पांढरंशुभ्र, लांब सरळ शिंगांचं वाळवंटी हरण. बंदुका आणि मोटारगाड्या घेऊन माणसं वाळवंटात शिरली, आणि १९७२ मध्ये ओमानात शेवटचं रानटी ओरिक्स मारलं गेलं. पण त्याआधी दहाएक वर्षं काही माणसांनी पुढचं ओळखलं होतं. वाळवंटातून पकडलेली आणि इकडूनतिकडून मिळवलेली मिळून नऊ ओरिक्स अमेरिकेतल्या फीनिक्स प्राणिसंग्रहालयात जमवली गेली. त्या कळपाची वाढ झाली, आणि १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात ओरिक्स पुन्हा सोडली गेली. २०११ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ही जात 'असुरक्षित' या गटात आली. निसर्गातून नामशेष होऊन इथवर परतलेली ती पहिलीच. 'सगळे पिंजरे आजच उघडा' हे वाक्य १९७० साली कुणी अमलात आणलं असतं, तर आज ओरिक्स चित्रातच उरलं असतं.

याच गोष्टीचा पुढचा भाग प्राणिसंग्रहालयाची माणसं सहसा सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. ओमानातल्या त्या कळपाची संख्या १९९६ च्या सुमारास साडेचारशेवर गेली होती. मग चोरट्या शिकारीने डोकं वर काढलं आणि काही वर्षांत ती पासष्टवर आली. २००७ मध्ये सरकारने अभयारण्याची जागा ९० टक्क्यांनी कापली, आणि त्याच वर्षी युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकलं. यादीतून नाव कमी झालेलं ते पहिलं ठिकाण. ओरिक्स टिकलं ते इतर देशांतही कळप सोडले गेले म्हणून. पिंजरा फार तर वेळ विकत घेऊन देतो. त्या वेळात बाहेरचं मरणाचं कारण काढलं नाही, तर आपण प्राणी नुसते बाहेर पाठवतो आणि तिथे ते मरतात.

आवडता प्राणी म्हणजे काय, हे मला खरं कळलं ते कॅलिफोर्निया कंडोरच्या गोष्टीतून. कंडोर म्हणजे अमेरिकेतलं महाकाय गिधाड. १९८२ मध्ये साऱ्या जगात बावीस पक्षी उरले. १९८७ मध्ये रानातला शेवटचा कंडोरही पकडला गेला आणि सत्तावीसच्या सत्तावीस पक्षी माणसाच्या हवाली आले. त्या निर्णयावर तेव्हा कडाडून टीका झाली. रानातला पक्षी संपवून पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे सन्मानाने मरूही न देणं, असं निसर्गप्रेमीच म्हणत होते. कंडोरही एका वेळी एकच अंडं घालतो. पण ते काढून घेतलं तर बरेचदा दुसरं घालतो. म्हणून पहिलं अंडं उचलून यंत्रात उबवायचं आणि पिलू हाताने वाढवायचं, असं ठरलं.

इथे खरी अडचण आली. अंड्यातून निघालेलं पिलू जो चेहरा पाहतं त्याला आपलं मानतं. माणसाला आपलं मानणारा कंडोर रानात जगत नाही. मग रक्षकांनी कंडोरच्या डोक्याच्या आकाराचे हातमोजे केले, खऱ्यासारखी चोच, खऱ्यासारखी बोडकी मान. पडद्याआड उभं राहायचं, भोकातून मोजा घातलेला हात आत घालायचा आणि त्या चोचीने पिलाला भरवायचं. बोलायचं नाही. आपण दिसायचं नाही. मी या कामाचा जितका विचार करते तितकी गप्प होते. ज्या पिलासाठी रात्री जागायचं, ज्याच्या वजनातला जरासा फरकही जिवाला घोर लावतो, त्याला आपलं तोंडदेखील ओळखीचं होऊ द्यायचं नाही! आपल्या हाताची सवय लागलेला प्राणी रक्षकाला हवाहवासा वाटतो, मलाही वाटतो. पण परत जायच्या प्राण्याला ती सवय घातक असते. सोडलेले पक्षी विजेच्या खांबांवर बसून मरू लागले, तेव्हा पिंजऱ्यात खोटे खांब उभारून, त्यांवर बसलं की हलका धक्का देऊन, पक्ष्यांना खांबांपासून दूर राहायला शिकवलं गेलं. जीव लावणं कधीकधी असंही असतं.

१९९२ पासून कंडोर रानात सोडले जाऊ लागले. आज त्यांची एकूण संख्या पाचशेच्या वर आहे आणि त्यांतले निम्म्याहून जास्त मोकळ्या आकाशात आहेत. शिकाऱ्यांच्या गोळ्यांतलं शिसं मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जातं, ते मात्र थांबलेलं नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली, पण पक्ष्याला राज्याची हद्द कळत नाही. आणखी एक बाब. पकडलेल्या कंडोरांच्या अंगावरच्या उवा औषधाने मारल्या गेल्या. त्यांतली एक जात फक्त कंडोरवरच जगणारी होती, आणि ती त्यानंतर सापडलेली नाही. एक जात वाचवताना दुसरी हातून गेली. ती कुणाच्याच आवडीची नव्हती.

माझ्या आवडत्या गिधाडांचंही असंच आहे. दक्षिण आशियातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९० च्या दशकापासून इतकी कोसळली की पंधरा वर्षांत हजारातलं एकही धडपणे उरलं नाही. कारण सापडलं २००४ मध्ये. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करत होतं. २००६ मध्ये भारत, नेपाळ, पाकिस्तान यांनी गुरांसाठी त्यावर बंदी घातली. पण नुसत्या बंदीने भागत नाही, गुरांना दुसरं औषध तर हवंच. गिधाडांना कोणतं औषध बाधत नाही, हे शोधताना संशोधकांनी जगभरच्या प्राणिसंग्रहालयांच्या पशुवैद्यांना विचारलं: तुमच्याकडच्या गिधाडांना, शिकारी पक्ष्यांना आजारपणात तुम्ही काय दिलंत आणि पुढे काय झालं? मेलॉक्सिकॅम दिलेल्या शेकडो पक्ष्यांच्या नोंदी निघाल्या, साठच्या आसपास जातींच्या, आणि त्यांना अपाय झाल्याचं दिसलं नाही. स्वतंत्र चाचण्यांतही तेच सिद्ध झालं. आज डायक्लोफिनॅकला पर्याय म्हणून सांगितलं जातं ते हेच औषध.

या नोंदी कुणी ठेवल्या? कुठल्यातरी पिंजऱ्यात कुठलातरी पक्षी आजारी पडला, कुणीतरी तो सुस्त झाल्याचं सकाळी ओळखलं, औषध दिल्यावर त्याने किती खाल्लं, विष्ठेचा रंग कसा होता, हे वहीत लिहिलं. हे ज्यांनी लिहिलं त्यांना तेव्हा स्वप्नातही वाटलं नसेल की आपल्या ओळी एका खंडावरची गिधाडं वाचवायला उपयोगी पडतील. रक्षक म्हणजे झाडलोट करून खाणं टाकणारा माणूस, असा समज लोकांचा आहे आणि दुर्दैवाने पुष्कळ व्यवस्थापनांचाही आहे. मी जिथे उमेदवारी केली तिथे आमच्या वह्या वर्षाअखेरी रद्दीत जायच्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं. प्राणी कसा उभा आहे, रोजच्यापेक्षा किती उशिरा बाहेर आला, कान कुठे वळले, हे वाचायला वर्षं लागतात, आणि हे ज्ञान कागदावर उतरलं नाही तर माणसाबरोबर निवृत्त होतं.

आता सर्वांत अवघड जागा. रक्षकाचं प्रेम एका प्राण्यावर असतं, त्याच्या नावावर, सवयींवर. संवर्धनाचं गणित मात्र जातीचं असतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने मारियस नावाच्या सुमारे दोन वर्षांच्या निरोगी जिराफाला मारलं, लोकांसमोर त्याची चिरफाड करून दाखवली आणि मांस सिंहांना दिलं. त्याच्या रक्ताचे जिराफ युरोपातल्या वीण कार्यक्रमात आधीच भरपूर झाले होते, पुढे जवळच्या नात्यात संकर होण्याचा धोका होता, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या काही ठिकाणांनी त्याला घ्यायची तयारी दाखवली होती, तीही नाकारली गेली. जगभर संताप उसळला.

मला त्या संतापातला काही भाग पटला नाही. मांस सिंहांना देण्यात वाईट काय? सिंह रोज कुणाचं ना कुणाचं मांस खातोच. लोकांना चिरफाड दाखवण्यातही मला गैर दिसत नाही. चूक झाली ती मारियस मेला त्या दिवशी नव्हे, तो जन्मला त्याच्याही आधी. ज्याला पुढे जागा नाही हे आधीच कळण्याजोगं होतं, त्याचा जन्म का होऊ दिला? वीण होऊ देणं, पिलू वाढवू देणं हा प्राण्याच्या स्वास्थ्याचाच भाग आहे, असं त्या विचाराची माणसं सांगतात. मी ते उडवून लावत नाही. पिलू असलेली मादी किती वेगळी, किती जागी दिसते, हे मी पाहिलेलं आहे. पण आईच्या त्या थोड्या काळाच्या सुखासाठी पिलाचा बळी आधीच ठरलेला असेल, तर तो सौदा मला मान्य नाही. शिवाय पिलू आलं की गर्दी वाढते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ही गोष्ट अशा चर्चांत कुणी उघडपणे बोलत नाही. कुणाची वीण करायची, कुणाची नाही, हे ठरवणाऱ्या बैठकीत त्या प्राण्याला रोज हाताने भरवणारा माणूस बसलेला असलाच पाहिजे. गणित तो बदलणार नाही कदाचित. पण समोरच्यांना ते त्याच्या तोंडावर सांगावं तरी लागेल.

यावर व्यवस्थापनाचं ठरलेलं उत्तर असतं: वाघ-सिंह नसतील तर तिकीट कोण काढणार, आणि तिकीट नसेल तर बेडकांची काचपेटी कुठल्या पैशाने घ्यायची? हा आक्षेप खोटा नाही. गर्दी कुठे असते हे मी रोज पाहते. पण मग हिशेब उघडा ठेवा. मोठ्या प्राण्यांवर आलेल्या पैशातला किती भाग रानातल्या कामाला गेला, किती बेडकांना, किती नव्या कमानीला, हे दारावरच्या फलकावर लिहा. ब्रिटिश निसर्गलेखक जेराल्ड डरेल यांनी १९५९ मध्ये जर्सी बेटावर प्राणिसंग्रहालय काढलं ते संकटातल्या जाती सांभाळायच्या म्हणूनच. नामशेष झालेला डोडो पक्षी हे त्यांनी बोधचिन्ह घेतलं. तिथेही गोरिला आहेत आणि लोक ते पाहायला येतात. पण त्याच संस्थेने आसामातल्या पिग्मी हॉगसाठी काम उभं केलं. गुडघ्याच्याही खाली राहणारं हे रानडुक्कर उंच गवतात दडून राहतं, १९७१ पर्यंत ते संपलंच असं मानलं जात होतं. १९९६ मध्ये मानसच्या गवताळ रानातून सहा डुकरं पकडून वीण सुरू झाली आणि २००८ पासून त्यांची पिढी गवतात परत सोडली जाऊ लागली. डुकरासाठी कुणी तिकीट काढून आलं नसेल. तरी काम झालं.

आणि लोकांच्या आवडीला आपण फार लवकर शरण जातो, असंही मला वाटतं. गिधाडांची पाळी बदलायची वेळ झाली की मी जाळीसमोर उभ्या असलेल्यांना हळू आवाजात सांगते, थांबा, आता दुसरा येईल. बहुतेक जण थांबतात. मुलं तर थांबतातच. आवड सवयीने लागते, ती लावणारा माणूस तिथे उभा असावा लागतो. फलक ते काम करत नाही.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९९६ मध्ये पार्टुला टर्जिडा नावाच्या गोगलगायीच्या जातीची शेवटची गोगलगाय मेली. पॉलिनेशियातल्या बेटांवर शेतीचा उपद्रव आवरायला बाहेरून आणलेल्या मांसाहारी गोगलगायीने तिच्या भाईबंदांचा फडशा पाडला होता. जात संपली ती एका डबीत, रक्षकांच्या डोळ्यांसमोर. तिच्यासाठी कुठेही मोर्चा निघाला नाही. पण तिच्याच कुळातल्या बाकीच्या जाती त्या माणसांनी डब्यांमध्ये जगवल्या, बोटाच्या पेराएवढे जीव, पिढ्यान् पिढ्या. २०१५ पासून त्यांच्या शंखांवर रंगाचा ठिपका देऊन त्या बेटांवर परत सोडल्या जात आहेत. पुढे मूरिआ बेटावर त्यांतल्या एका जातीच्या, ठिपका नसलेल्या मोठ्या गोगलगायी सापडल्या. ठिपका नाही म्हणजे तिथेच जन्मलेल्या. २०२४ मध्ये त्या जातीच्या नावापुढचा 'निसर्गातून नामशेष' हा शेरा बदलला.

आमच्या कामात एखादं आवार रिकामं होण्याची वेळ येतेच. म्हातारा प्राणी जातो, पिंजरा धुऊन वाळवला जातो आणि आठवड्याच्या आत चर्चा सुरू होते, आता इथे काय आणायचं. त्या चर्चेत पहिला प्रश्न लोकांना काय आवडेल हा नसावा. कुठल्या जातीला आज रानात थारा नाही, तिचं मरणाचं कारण काढायला तिकडे कुणी झटतं आहे का, आणि ती आपल्याकडच्या या एवढ्या जागेत न कुढता जगेल का, हे आधी विचारावं. उत्तर मिळेपर्यंत आवार रिकामं राहिलं तरी चालेल. गवत वाढू द्यावं. कोपऱ्यातला हौद आटू देऊ नये. तिथे बेडूक आपणहून येतात.